जमिनीवरचा वैमानिक

विमान चालविणारा मनुष्य विमानातच बसलेला असतो, ही गोष्ट इतकी गृहीत धरली जाते की तिचा निराळा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु वैमानिकाच्या कौशल्याचा मोठा भाग त्या बसण्यातच सामावलेला असतो. विमान कलले की त्याच्या शरीराला ते कळते. वेग मंदावला की वाऱ्याचा आवाज उतरतो आणि हातातील दांडा सैल वाटू लागतो. उंची आणि वेग दाखविणाऱ्या तबकड्या समोरच असतात. बिनतारी लहरींनी चालणारे छोटे विमान उडविणाऱ्याला यांपैकी काहीही लाभत नाही. तो मैदानाच्या कडेला आपल्या दोन पायांवर उभा असतो, विमान शेदीडशे मीटर दूर असते, आणि त्याचा सारा भरवसा दोन डोळ्यांवर असतो. हवेत जे त्याला कळणार नाही, ते जमिनीवरच ठरवून टाकावे लागते. या छंदातील बहुतेक अपघातांचे मूळ शोधू गेल्यास ते आकाशात न सापडता घरच्या टेबलावर सापडते, ते याच कारणामुळे.

हा छंद खेळण्यातून आलेला दिसला, तरी त्याचे कूळ मोठे आहे. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली यांनी १८०४ साली एक लहानसे बिनयंत्राचे विमान तयार केले. पतंगासारखा एक स्थिर पंख, मागे हलविता येणारी शेपटी, आणि पुढेमागे सरकविता येईल असे एक वजन, एवढाच त्याचा थाट होता. मनुष्य विमानातून उडण्याच्या कितीतरी आधी वजन कोठे असावे हा प्रश्न केलींनी हातात धरण्याजोग्या प्रतिकृतीला विचारला होता. पुढे १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात आल्फोन्स पेनो या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर उडविले. ते अवघे अकरा सेकंद हवेत राहिले. पण कोणाच्याही हाताचा आधार नसता सरळ गेले, कारण मागच्या शेपटीचा कोन पेनोने विचारपूर्वक ठरविला होता. राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ च्या सुमारास मुलांना आणून दिलेले उडते खेळणेही पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले होते.

दुरून आज्ञा देण्याची कला निराळ्या वाटेने आली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे एक लहान नौका तारेवाचून चालवून दाखविली. विमानाच्या बाबतीत हे जुळून येण्यास आणखी चार दशके लागली. अमेरिकेतील कॅलामाझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली आपले ‘गफ’ नावाचे विमान लहरींच्या साहाय्याने उडविले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या विमान-संग्रहालयाच्या संग्रही आहे. त्याला पेट्रोलवर चालणारे इंजिन होते. विजेच्या मोटरीवर असे विमान उडण्यास ३० जून १९५७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी चांदी आणि जस्त यांच्या घटांवर आपले ‘रेडिओ क्वीन’ उडविले. जर्मनीत फ्रेड मिलिट्की हेही त्याच सुमारास विजेच्या उड्डाणाच्या मागे लागले होते. मोटर होती आणि लहरीही होत्या. अडले ते घटांच्या वजनापाशी. विमानाला उचलण्याइतकी शक्ती घटांत भरावी, तर ते घटच विमानाला खाली ओढीत. लिथियम-पॉलिमर जातीचे हलके घट या शतकाच्या आरंभी बाजारात सुलभ झाले आणि चित्र पालटले. तेलाचा वास, कर्कश आवाज आणि इंजिन सुरू करण्याची खटपट नाहीशी होऊन विमान उडविणे शाळकरी मुलाच्या आटोक्यात आले.

नवख्याने हाती घ्यावे असे विमान कसे असावे, हे एका उदाहरणाने पाहू. पंखांचा एकूण विस्तार एक मीटर, पंखाची रुंदी अठरा सेंटिमीटर, घटासह सर्व वजन सहाशे ग्रॅम. सांगाडा फोमचा असावा, कारण तो आदळला तरी चिकटवता येतो. बाल्सा लाकडाचे विमान अधिक देखणे होते खरे. पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या काटक्या गोळा करीत बसणे कोणालाही रुचणार नाही. पंख धडाच्या वर बसविलेला असावा, आणि त्याची दोन्ही टोके किंचित वर उचललेली असावीत. पंख असा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे उघडा ठेवला म्हणजे विमानाच्या अंगी स्वतःहून सावरण्याचा गुण येतो. विमान एका बाजूस कलून त्या बाजूस घसरू लागले की खालच्या बाजूच्या पंखाखाली वारा अधिक कोनाने येतो, तो पंख अधिक उचलला जातो, आणि विमान पुन्हा सरळ होते. ज्याला विमानात बसून तोल जाणवत नाही, त्याच्या वतीने हा तोल पंखाचा आकारच सांभाळतो. लढाऊ विमानाची हुबेहूब प्रतिकृती पाहून मुलांचे डोळे विस्फारतात आणि तीच घ्यावी असा हट्ट होतो. परंतु ज्या गुणामुळे ते विमान चपळ ठरते, त्याच गुणामुळे ते नवख्याच्या हातून निसटते. घरातील वडीलधाऱ्यांनी पैसे देताना या एका मुद्द्यावर कठोर राहण्यास हरकत नाही.

अशा विमानाला तीन आज्ञा पुरतात: मोटरीचा वेग, शेपटीवरील उभे सुकाणू, आणि शेपटीवरील आडवा हलता भाग, ज्याला एलिव्हेटर म्हणतात. सुकाणू उजवीकडे वळले की विमानाचे नाक उजवीकडे वळते; वर उचललेल्या पंखांमुळे डाव्या पंखाला वारा अधिक कोनाने मिळून तो वर जातो, आणि विमान उजवीकडे कलून वळण घेते. एलिव्हेटर वर झाला की नाक वर, खाली झाला की नाक खाली. ही दोन्ही अंगे हलविण्याचे काम सर्व्हो नावाच्या, नऊदहा ग्रॅम वजनाच्या, चिमुकल्या यंत्रांकडे असते. रिसीव्हर त्यांना सेकंदाला सुमारे पन्नास वेळा विजेचा ठोका पाठवितो. ठोका एक सहस्रांश सेकंदाचा असला तर दांडी एका टोकाला, दोन सहस्रांशाचा असला तर दुसऱ्या टोकाला, आणि दीडाचा असला तर नेमकी मध्ये. उडविणाऱ्याच्या अंगठ्याची प्रत्येक हालचाल शेवटी या ठोक्याच्या लांबीत उतरते.

आता केलींच्या त्या सरकत्या वजनाकडे पुन्हा वळावयास हवे, कारण सर्व तयारीत गुरुत्वमध्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारे पंचवीस ते तीस टक्के मागे असावा, असा साध्या रचनेच्या विमानांसाठी नियम आहे. अठरा सेंटिमीटर रुंदीच्या पंखाला हे अंतर साडेचार ते साडेपाच सेंटिमीटर भरते. बनविणाऱ्याने दिलेल्या कागदात आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. पंखाच्या खालच्या बाजूस दोन्हीकडे त्या अंतरावर खूण करावी, घटासह सारे सामान जागेवर बसवावे, आणि दोन बोटांची टोके त्या खुणांवर टेकून विमान अलगद उचलावे. ते सपाट राहिले, किंवा नाक जरासे झुकले, तर ठीक. शेपटी खाली गेली तर घट पुढे सरकवावा. त्याने भागत नसेल तर नाकात शिशाचा तुकडा बसवावा, पण तसेच उडवू नये.

शेपटीकडे जड असलेल्या विमानाचे नेमके काय होते, हे समजून घेण्याजोगे आहे. गुरुत्वमध्य पुढे असलेल्या विमानाचे नाक वाऱ्याच्या झुळकेने वर गेले, तर ते आपोआप पुन्हा खाली येते. गुरुत्वमध्य फार मागे गेला की हा गुण उलटतो: नाक जरा वर गेले की ते अधिकच वर जाऊ लागते, खाली गेले की अधिकच खाली. उडविणारा ते दुरुस्त करू पाहतो, पण दूर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी चूक टिपून अंगठ्याने ती सुधारीपर्यंत विमान पुढची चूक करून बसलेले असते. नाकाकडे जड विमान आळशीपणे उडते, उतरताना धावते, परंतु उडते. मागे जड विमान फेकल्यापासून सातव्या-आठव्या सेकंदाला जमिनीत शिरते, आणि पाहणारे ‘वारा लागला’ असे म्हणून हळहळतात. वाऱ्यावर असा आळ वारंवार येतो.

मोटर आणि घट यांच्याकडे मुलांचे लक्ष आपोआपच जाते. जाणे अवश्य आहे ते त्यांतील धोक्यांकडे. उदाहरणातील विमानाला तीन घटांची जोडणी, अकरा पूर्णांक एक दशांश व्होल्ट दाबाची आणि तेराशे मिलिअँपिअर-तास क्षमतेची, पुरेशी होते. पूर्ण जोरात मोटर बारा अँपिअर घेते असे धरले, तर ती सुमारे १३३ वॉट शक्ती ओढते. सर्वसाधारण उड्डाणात सरासरी प्रवाह त्याच्या निम्मा असतो. क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज काढावयाची नाही हे पथ्य पाळले, म्हणजे दहा मिनिटांचे उड्डाण मिळते. ट्रान्समीटरवरील घड्याळ आठ मिनिटांवर लावून ठेवावे. उरलेली दोन मिनिटे उतरण्याच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी राखून ठेवलेली बरी.

या जातीचा प्रत्येक घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो. ३ व्होल्टच्या खाली तो गेला की आतून कायमचा बिघडतो. ४.२ च्या वर भरला गेला, टोचला गेला किंवा आत चेपला गेला, तर पेटतो, आणि त्यातील द्रव्य ज्वालाग्राही असल्यामुळे ती आग जोराची असते. म्हणून तो भरण्यासाठी त्याच जातीचे, तिन्ही घटांचा दाब सारखा राखणारे यंत्रच वापरावे. तेराशे मिलिअँपिअर-तासांच्या घटाला एक पूर्णांक तीन दशांश अँपिअरच प्रवाह द्यावा, म्हणजे तो सुमारे तासाभरात भरतो. भरताना तो फरशीवर, मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यात ठेवावा, जवळपास पडदा, गादी वा कागद नसावा, आणि घरातील कोणीतरी जागे व तेथे हजर असावे. रात्री भरावयास लावून झोपी जाणे हा या छंदातील सर्वांत मोठा अविचार होय. उशीप्रमाणे फुगलेला घट पुन्हा वापरू नये, त्याला टाचणी टोचून ‘हवा काढण्याची’ कल्पना तर मनातही आणू नये. वैशाखातल्या उन्हात स्कूटरच्या डिकीत किंवा बंद मोटारीत घट ठेवणेही तितकेच वाईट.

दुसरा धोका प्रॉपेलरचा. नऊ इंचांचा प्रॉपेलर मिनिटाला आठ हजार फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक असतो. तो फिरताना दिसत नाही, आणि विजेच्या मोटरीचा एक दुर्गुण असा की ती अडली तरी जुन्या इंजिनाप्रमाणे बंद न पडता पुन्हा फिरू पाहते. बोट मध्ये आल्यास एका घावावर ती थांबेलच असे नाही. घरात टेबलावर जी जुळवाजुळव आणि चाचणी करावयाची, ती प्रॉपेलर काढून ठेवूनच करावी. मैदानावर घटाची तार जोडताक्षणी विमान ‘जिवंत’ झाले असे समजावे, आणि प्रॉपेलरच्या पुढे किंवा त्याच्या फिरण्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. काही विमानांत मोटर पंखाच्या मागे, वरच्या बाजूस असते. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचे ‘ईझी स्टार’ हे त्या घाटणीचे प्रसिद्ध विमान. आपटल्यावर प्रॉपेलर वाचतो हा त्याचा फायदा. पण विमान हाताने सोडताना प्रॉपेलर हाताच्या मागून येतो, तेव्हा हात झटकन खाली घेण्याची सवय लावून घ्यावी लागते.

लहरींची व्यवस्था आता पूर्वीपेक्षा पुष्कळ निर्वेध झाली आहे. जुन्या यंत्रांना ठरावीक कंपनसंख्येचा एकेक स्फटिक असे. एकाच मैदानावर दोघांनी तीच कंपनसंख्या चालू केली की दोघांपैकी एकाचे विमान कोसळलेच. त्यामुळे क्रमांकाची चिमटी फळीवरून घेतल्यावाचून कोणी यंत्र सुरू करू नये, असा शिरस्ता मंडळांतून होता. सध्याची यंत्रे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि प्रत्येक रिसीव्हर आपल्याशी जोडलेल्या ट्रान्समीटरचीच आज्ञा ओळखतो. तरीही तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. प्रथम ट्रान्समीटर सुरू करावा, मोटरीची दांडी पूर्ण खाली ठेवावी, मगच विमानाचा घट जोडावा. बंद करताना क्रम नेमका उलटा. लहरी तुटल्या तर मोटर बंद पडेल अशी योजना रिसीव्हरमध्ये करून ठेवावी आणि ती खरोखर चालते हे विमान पक्के धरून, ट्रान्समीटर क्षणभर बंद करून पाहावे. आणि ट्रान्समीटरची शक्ती मुद्दाम कमी करून चालविण्याची सोय त्यात असते, ती वापरून सुमारे तीस पावलांवरून सर्व अंगे हलतात की नाही हे तपासावे. आणखी एक बारीकशी गोष्ट: सळईसारख्या ॲन्टेनाच्या टोकाच्या दिशेने लहरी सर्वांत दुबळ्या असतात. ती विमानाकडे रोखून धरण्याची नैसर्गिक इच्छा होते. वास्तविक तिची बाजू विमानाकडे असावी.

यानंतरची तपासणी सर्वांत सोपी, आणि म्हणूनच सर्वांत जास्त वेळा चुकणारी. विमानाच्या मागे उभे राहून, नाक पुढे ठेवून, दांडी उजवीकडे ढकलावी. सुकाणूची मागची कड उजवीकडे गेली पाहिजे. दांडी आपल्याकडे ओढावी. एलिव्हेटरची मागची कड वर उठली पाहिजे. एखादा सर्व्हो उलट बाजूने बसविला गेला तर हे अंग उलटे हलते, आणि ‘हलते आहे ना’ एवढेच पाहणाऱ्याला ते कळत नाही. विमान हातातून सुटते, नाक खाली झुकते, उडविणारा घाबरून दांडी ओढतो, आणि ते अधिकच वेगाने जमिनीकडे जाते. महिनाभराची मेहनत अशा रीतीने तीन सेकंदांत संपते. आणि मध्ये कोणी उभा असेल, तर प्रश्न मेहनतीपुरता राहत नाही. सहाशे ग्रॅमचे विमान ताशी चाळीस किलोमीटर वेगाने लागले तर डोळा जाऊ शकतो.

मैदानाची निवड म्हणूनच सोयीवर सोडता येत नाही. शाळेचे पटांगण मोकळे असले तरी भोवती वस्ती आणि तारा असतात. गावाबाहेरचे पीक काढलेले शेत, मालकाची परवानगी घेऊन, उत्तम. नजर पोहोचेल तेथवर रस्ता, गुरे आणि विजेचे खांब नसावेत. शिवाय कायद्याकडे पाहणे अवश्य आहे. भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांनी वजनाप्रमाणे वर्ग पाडले: अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो, आणि असेच पुढे. आपले उदाहरणातील विमान वजनाने मायक्रो वर्गात बसते. व्यापारी हेतू नसेल तर या वर्गासाठी वैमानिकाच्या परवान्याची अट त्या नियमांत नाही. नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीवाचून उडवूच नये. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांना हा तपशील विशेष लागू आहे. बेळगावास सांबरा, बडोद्यास हरणी, इंदुरास देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ, ग्वाल्हेरीस महाराजपूरचा हवाई दलाचा तळ, हैदराबादेस बेगमपेठ, आणि गोव्यात नौदलाच्या दाबोळीखेरीज जानेवारी २०२३ पासून मोपा! यांतील एकही गाव असे नाही की जेथे नकाशा न पाहता विमान काढून चालेल. सैनिकी जागांभोवतीचा निर्बंध त्याहूनही कडक असतो. महासंचालनालयाचा अधिकृत नकाशा आणि नोंदणीविषयीची त्या वेळची तरतूद पाहूनच जागा ठरवावी. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमानांचे शिक्षण दिले जाते. घरात तसा छात्र असेल तर पहिला धडा त्याच्याकडून घेणे श्रेयस्कर.

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची असावी. नंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठू लागतात आणि हलके विमान त्यांत हेलकावते. घारी त्याच लोटांवर तरंगतात, आणि आपल्या मुलखात शिरलेला हा परका पक्षी त्यांना नेहमीच सहन होतो असे नाही. बडोद्यात उत्तरायणाच्या आणि हैदराबादेत संक्रांतीच्या दिवसांत विमान पेटीतच ठेवावे. मांजापुढे कोणतेही पंख टिकत नाहीत.

पहिल्या उड्डाणापूर्वी विमान मोटरीशिवाय, उंच गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला, सपाट रेषेत एकदा सोडून पाहावे. ते दहाबारा मीटर सरळ तरंगत जाऊन टेकले तर गुरुत्वमध्य आणि शेपटी या दोहोंविषयी खात्री पटते. मग दुसऱ्या कोणाला तरी विमान सोडावयास सांगावे, म्हणजे उडविणाऱ्याचे दोन्ही अंगठे दांड्यांवर राहतात. पूर्ण जोर, वाऱ्याकडे तोंड, आणि सरळ फेक. वर फेकण्याचा मोह आवरावा. चाळीसएक मीटर उंची होईतो वळू नये. तेथे मोटर निम्म्यावर आणावी आणि दांड्या सोडून विमान काय करते ते पाहावे. ते डावीकडे ओढत असेल तर ट्रान्समीटरवरील लहान खिट्टी एकेक टिचकी उजवीकडे सरकवीत ते सरळ करावे. विमान दूर, दोनशे मीटरच्या पलीकडे, जाऊ देऊ नये. एवढ्या अंतरावर ते येते आहे की जाते आहे हेच काळ्या ठिपक्यावरून कळेनासे होते. सूर्याच्या तबकडीसमोरून तर कधीच नेऊ नये.

नवख्याला खरे कोडे पडते ते विमान त्याच्याकडे तोंड करून येऊ लागते तेव्हा. दूर जाणाऱ्या विमानाचा उजवा हात तोच उडविणाऱ्याचा उजवा हात; समोरून येणाऱ्याचा उजवा हात मात्र त्याच्या डावीकडे असतो. दांडी उजवीकडे दाबली की विमान त्याच्या डोळ्यांना डावीकडे जाताना दिसते, आणि गोंधळून तो दांडी आणखीच दाबतो. विमानात बसलेल्याला ही अडचण जन्मात येत नाही. यावर अनुभवी लोकांनी काढलेली तोड अशी: येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी न्यावी, जणू त्या पंखाखाली टेकू द्यावयाचा आहे. विमान सरळ होते. काही दिवसांनी हा विचारही करावा लागत नाही. संगणकावरील उड्डाणाच्या खेळात हे अंगवळणी पाडून घेतले, तर फोम आणि डिंक या दोहोंची बचत होते.

दुसरा भ्रम वेगाचा. समजा विमान हवेतून ताशी ३२ किलोमीटरने जात आहे आणि वारा ताशी ११ किलोमीटरचा आहे. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरच्या माणसाला ते ४३ ने धावताना दिसते. वाऱ्याविरुद्ध येताना २१ ने रेंगाळताना. पंखांना जमिनीशी कर्तव्य नसते. त्यांना लागतो तो हवेतील वेग, आणि तो दोन्ही वेळा ३२ च आहे. पण वाऱ्याबरोबर सुसाट जाणारे विमान पाहून उडविणारा मोटर कमी करतो, आणि येथेच घात होतो. उदाहरणातील विमानाला हवेत टिकण्यास ताशी सुमारे २६ किलोमीटर वेग किमान लागतो. त्याच्या खाली वेग गेला की पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडते, उचल एकदम घटते आणि नाक कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात. वळणात विमान कललेले असते, त्या वेळी ही मर्यादा आणखी वर चढते, म्हणून वळताना मोटर थोडी वाढवावी.

स्टॉलमधून बाहेर पडण्याची रीत माणसाच्या स्वभावाच्या नेमकी विरुद्ध आहे. विमान खाली पडू लागले की हात आपोआप दांडी ओढतो, कारण वर नेण्याची तीच आज्ञा. पण नाक वर उचलल्याने वेग आणखी घटतो आणि पंख हवेवरची पकड धरूच शकत नाही. दांडी पुढे सोडावी, नाक खाली जाऊ द्यावे, मोटर द्यावी, वेग मिळाला की मग हलकेच ओढावे. हे करावयास खाली पंधरावीस मीटर जागा हवी. म्हणून पहिल्या काही दिवसांत उंचीवर असतानाच मोटर बंद करून, दांडी ओढून, मुद्दाम स्टॉल घडवून पाहावा. नाक कोसळण्यापूर्वी विमान जे आढेवेढे घेते, शेपटी जी जड होते, सुकाणूचा प्रतिसाद जो मंदावतो, ते सर्व डोळ्यांनी ओळखावयास शिकणे म्हणजे वैमानिकाच्या आसनाची उणीव काही अंशी भरून काढणे होय.

उतरणे बाकी राहिले. ते वाऱ्याच्या तोंडाला, लांबवरून, पंख सपाट ठेवून करावे. मोटर थोडीथोडी कमी करीत जावे. उंची मोटरीने आणि वेग एलिव्हेटरने सांभाळला जातो, हे सूत्र ध्यानात असले की हात शांत राहतो. जमीन हातभर राहिली की मोटर बंद, आणि दांडी किंचित ओढून विमान गवतावर बसू द्यावे. विमान आपल्या पायांशीच उतरले पाहिजे असा अट्टाहास धरून जमिनीलगत शेवटचे वळण घेणारे पुष्कळ असतात. त्यांचे बहुधा तेथेच बिनसते. पन्नास पावले चालत जाऊन विमान आणण्यात कमीपणा नाही.

विमान हातात आले की प्रथम घटाची तार काढावी, मग ट्रान्समीटर बंद करावा. घट कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल इतका तापला असेल तर मोटर व प्रॉपेलर यांचा मेळ बसलेला नाही, आणि लहान प्रॉपेलर लावून पाहावा. विमान आपटले असेल तर घट काढून, उघड्यावर, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर अर्धा तास तरी ठेवून नजरेखाली असू द्यावा. आतून चेपलेला घट काही वेळाने पेटतो. घरी आल्यावर तो गार होऊ द्यावा. पुढील दोनतीन दिवसांत उडविण्याचा बेत नसेल, तर भरण्याच्या यंत्रावरील साठवणीची सोय वापरून प्रत्येक घट ३.८ व्होल्टवर आणावा आणि पत्र्याच्या डब्यात, सावलीत ठेवावा. डब्यावर तारीख लिहिलेली असली म्हणजे पुढच्या रविवारी शोधाशोध होत नाही.